सत्त्याण्णव पोस्टमन आणि वरून आलेली यादी

2016 चा ऑक्टोबर. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका पोस्टमनने आपल्या राज्याचे सिनेटर रॉन जॉन्सन यांच्याकडे तक्रार केली. आमच्यातले काही जण बिनपगारी रजा घेऊन हिलरी क्लिंटन आणि इतर डेमोक्रॅटिक उमेदवारांचा प्रचार करत हिंडताहेत, आणि पोस्टाचे वरिष्ठच त्यांना सोडताहेत, असं त्याचं म्हणणं होतं. मागे राहिलेल्यांवर काय बेतलं, हे टपाल वाटणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पोस्टमन रजेवर गेला म्हणून त्याच्या बीटवरची पत्रं थांबत नाहीत. ती दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत जातात.

जॉन्सन रिपब्लिकन पक्षाचे, आणि त्याच निवडणुकीत स्वतः सिनेटच्या जागेसाठी उभे. त्यामुळे तक्रार त्यांच्या हाती पडली तेव्हाच तिला पक्षीय रंग चढणार हे ठरलेलं होतं. त्यांनी ती दोन ठिकाणी पाठवली. एक पोस्टल सर्व्हिसच्या महानिरीक्षकांकडे, आणि दुसरी ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल या स्वतंत्र यंत्रणेकडे, जिचं एक काम सरकारी नोकरांच्या राजकीय हालचालींवर लक्ष ठेवणं हे आहे. पुढच्या जुलैत निष्कर्ष बाहेर आले. युनियनच्या राजकीय निधीवर लिहिणारे बहुतेक लोक या प्रकरणाचा एका ओळीत उल्लेख करून पुढे जातात. मला ते थांबून बघण्यासारखं वाटतं, कारण यात निधी स्वच्छ होता, देणारे खुशीने देत होते, प्रचार करणारे खुशीने गेले होते, आणि तरीही कायदा मोडला गेला.

युनियनचे दोन खिसे

या पोस्टमनांची युनियन म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरिअर्स, शहरी भागात दारोदार टपाल वाटणाऱ्यांची संघटना. स्थापना 1889 ची, मिलवॉकीत. यादवी युद्धातल्या माजी सैनिकांचा मेळावा तिथे भरणार होता. त्या निमित्ताने ठिकठिकाणचे पोस्टमन एकत्र येतील, या हिशेबाने स्थानिक पोस्टमननी बैठक बोलावली आणि त्यातून संघटना उभी राहिली. म्हणजे ज्या विस्कॉन्सिनमधून 127 वर्षांनी तक्रार गेली, तेच या युनियनचं माहेर. आज निवृत्तांसह अडीच लाखांहून जास्त सभासद आहेत.

अमेरिकेत युनियनच्या हातात पैशाचे दोन वेगळे खिसे असतात, आणि ते एकत्र करायला सक्त मनाई आहे. पहिला वर्गणीचा. कार्यालय, वकील, लवाद, वाटाघाटी असा सगळा खर्च त्यातून. राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला त्यातून एक डॉलरही देता येत नाही. ही बंदी युद्धकाळात, 1943 मध्ये, तात्पुरती म्हणून आली आणि 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने कायमची झाली. दुसरा खिसा राजकीय निधीचा. त्यात वर्गणीचा पैसा येत नाही. सभासदाने वेगळा, स्वतःहून, राजकारणासाठीच दिलेला पैसा तेवढा येतो.

या दुसऱ्या खिशाला सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये मान्यता दिली, सेंट लुईसच्या पाइपफिटर कामगारांच्या खटल्यात. तिथे युनियनचे कारभारी कामाच्या जागीच सभासदांकडून रकमा गोळा करत. न्यायालयाने म्हटलं, निधी वेगळा असावा, तो राजकारणासाठी आहे हे देणाऱ्याला माहीत असावं, आणि नाही म्हटलं तर नोकरीवर किंवा युनियनमधल्या स्थानावर आच येणार नाही याची त्याला खात्री असावी. पुढे नियमांत आणखी बारकावा आला. युनियनने रक्कम सुचवली, तर ती निव्वळ सूचना आहे, त्याहून कमी-जास्त दिलं किंवा काहीच दिलं नाही तरी चालेल, हे मागतानाच सांगावं लागतं.

आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन पाच पोरं दारात उभी राहतात, तेव्हा तीही 'तुमच्या इच्छेने द्या' असंच म्हणतात, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी किती दिले ते पान अलगद आपल्यासमोर धरतात. स्वेच्छा हा शब्द कागदावर किती सोपा आणि दारात किती अवघड, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. अमेरिकी नियमांचा सगळा खटाटोप त्या वरच्या मजल्याच्या पानाचा दबाव कमी करण्यासाठी आहे.

लेटर कॅरिअर्सच्या निधीचं आधीचं नाव लांबलचक होतं, पोस्टमनांच्या राजकीय शिक्षणाची समिती अशा अर्थाचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला कोलसीपी म्हणत. पुढे त्याचं साधं नामकरण झालं, लेटर कॅरिअर पोलिटिकल फंड. 'गिमी फाइव्ह' म्हणजे 'पाच दे' अशी घोषणा घेऊन एक मोहीम चालली. दर पगाराला पाच डॉलर. अमेरिकेत पोस्टाचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो, म्हणून वर्षाचे 26 पगार, म्हणजे 130 डॉलर. सभासद एकदा सही करतो आणि रक्कम पगारातून परस्पर जाते. निवृत्त झाला तर पेन्शनमधून. नको झालं तर थांबवता येते. वर्षाला 200 डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाच्या जाहीर यादीत येतं. पाच डॉलरवाला त्या रेषेच्या बराच खाली राहतो. मोहीम आखणाऱ्यांनी हा हिशेब केला असेल किंवा नसेल, पण साध्या पोस्टमनच्या दृष्टीने तो सोयीचा आहे.

या निधीतून एका उमेदवाराला एका निवडणुकीत जास्तीत जास्त 5,000 डॉलर देता येतात. अमेरिकेतल्या निवडणुकांचा खर्च पाहिला तर ही रक्कम किरकोळ. निधीचं खरं बळ दुसऱ्या खर्चात असतं, म्हणजे आपल्याच सभासदांपर्यंत पोचणं, फोन करणं, दारोदार फिरणारी माणसं उभी करणं. 2016 चं प्रकरण उमेदवाराला दिलेल्या पैशाचं नाही. ते या माणसांचं आहे.

पोस्टमनला राजकारण कशाला

हा प्रश्न अमेरिकेतही सतत विचारला जातो. उत्तर 1970 मध्ये आहे. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमननी संप पुकारला. सरकारी नोकरांना संपाची बंदी असतानाही तो पसरला, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना टपाल छाटायला सैनिक पाठवावे लागले. त्या संपातून पोस्टल सर्व्हिसची नवी घडी बसली. पगारावर वाटाघाटी करायचा हक्क मिळाला, संपाचा मात्र मिळाला नाही. पेन्शनचे नियम, निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा भार, आठवड्यातून किती दिवस टपाल वाटायचं, या गोष्टी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हातातच राहिल्या. संप करता येत नाही आणि मालक अर्धा संसदेत बसलेला, अशा माणसाला संसदेच्या दारात उभं राहण्यावाचून गत्यंतर नसतं.

2006 च्या कायद्याने पोस्टल सर्व्हिसला निवृत्तांच्या आरोग्यविम्यासाठी दर वर्षी सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढायला लावले. ताळेबंद बुडाला तो मुख्यतः त्यामुळे, असं युनियन ओरडून सांगत राहिली. फेब्रुवारी 2013 मध्ये पोस्टमास्टर जनरलनी शनिवारची पत्रं बंद करण्याची घोषणा केली. काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात सहा दिवसांची अट कायम ठेवली आणि एप्रिलमध्ये घोषणा मागे घ्यावी लागली. आगाऊ भरण्याची अट रद्द व्हायला 2022 उजाडलं. प्रतिनिधिगृहात 342 विरुद्ध 92, सिनेटमध्ये 79 विरुद्ध 19. इतकं बहुमत एका पक्षाच्या बळावर मिळत नाही. म्हणूनच पोस्टमनांचा निधी रिपब्लिकन उमेदवारांनाही जातो. शनिवार वाचवणारा सदस्य कुठल्या पक्षाचा, हे त्यांच्या लेखी दुय्यम.

तरी राजकारण करण्याची मुभा त्यांना सहज मिळालेली नाही. 1902 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी नोकरांना काँग्रेसकडे गाऱ्हाणं नेण्यावरच बंदी घातली होती. ती 1912 च्या कायद्याने उठली, आणि त्या कायद्याला ज्यांचं नाव आहे त्यांतले एक, ला फॉलेट, विस्कॉन्सिनचेच सिनेटर. 1939 मध्ये हॅच कायदा आला. सरकारी नोकराने मत द्यावं, घरात बोलावं, पण पक्षाच्या प्रचारात उतरू नये. लेटर कॅरिअर्सनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मग कायदा बदलायचे प्रयत्न सुरू झाले. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला, 1990 मध्ये थोरल्या बुश यांनी. 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केली.

1993 नंतरची चौकट अशी. कामाची वेळ नसेल, अंगावर पोस्टाचा गणवेश नसेल, पोस्टाच्या इमारतीत किंवा गाडीत नसाल, तर प्रचार करा. राजकीय निधीसाठी पैसेही मागता येतात, पण आपल्याच युनियनच्या सभासदाकडे, तो आपल्या हाताखालचा नसेल तर, आणि दोघंही कामावर नसताना. या 'हाताखालचा नसेल तर' मध्ये कायद्याचा जीव आहे. वरच्याने खालच्याला विचारलं की खालच्याचं हो हे हो राहत नाही. मात्र हा नियम पैसे मागण्यापुरता होता. रजा मागण्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

यादीचा प्रवास

अमेरिकेतल्या कामगार संघटनांचा महासंघ दर निवडणुकीला मोठी मोहीम उघडतो. 2016 ची 'लेबर 2016' नावाची होती. त्यात निरनिराळ्या युनियनांनी आपापली माणसं द्यायची. लेटर कॅरिअर्सनी जूनमध्ये हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केला होता. युनियनने पोस्टमन निवडले. त्यांनी बिनपगारी रजा घ्यायची, त्यांचा बुडालेला पगार राजकीय निधीतून भरून द्यायचा, आणि त्यांनी पूर्ण वेळ मोहिमेत काम करायचं. युनियनच्या कामासाठी बिनपगारी रजेची तरतूद राष्ट्रीय करारातच आहे. ज्या दिवसाचा पगार सरकार देत नाही त्या दिवशी माणूस कामावर नाही, म्हणून हॅच कायद्यातही तो बसतो.

इथपर्यंत सगळं बिनचूक आहे. वर्गणीला हात लावलेला नाही. पाच-पाच डॉलर देणाऱ्यांना ते राजकारणासाठी आहेत हे माहीत होतं. प्रचाराला गेलेल्यांपैकी कुणाला ढकललेलं नव्हतं.

पण रजा द्यायची कुणी? टपाल कार्यालयातल्या सुपरवायझरने. पोस्टात रजेचा एक छापील फॉर्म असतो, क्रमांक 3971. कर्मचारी भरतो, वरिष्ठ सही करतो. आज किती माणसं हजर, किती बीटं उघडी, पार्सलांचा भार किती, हे त्याला दिसत असतं. युनियनच्या कामासाठी असली तरी ही रजा त्याने कामाचा अंदाज घेऊन द्यायची. आणि शरद ऋतू हा काही निवांत काळ नाही. निवडणुकीच्या साली पत्रपेट्या प्रचारपत्रकांनीच भरलेल्या असतात.

एखाद्या पोस्टमनने फॉर्म भरून आपल्या सुपरवायझरकडे जाणं हा सरळ रस्ता. प्रत्यक्षात युनियनने नावांची यादी पोस्टल सर्व्हिसच्या मुख्यालयात, कामगार संबंध पाहणाऱ्या बड्या अधिकाऱ्याकडे दिली. तिथून ती विभागांकडे गेली, विभागांकडून जिल्ह्यांकडे, आणि जिल्ह्यांकडून सुपरवायझरच्या ईमेलवर. प्रत्येक पायरीवर यादीतली नावं तीच होती, पण तिचं वजन वाढत गेलं. मुख्यालयात ती युनियनची विनंती होती. सुपरवायझरच्या टेबलावर पोचली तोवर ती मुख्यालयाचा हुकूम झाली होती.

ज्याने कुठल्याही मोठ्या खात्यात चार दिवस काढले आहेत त्याला हे कळेल. वरून आलेल्या कागदावर 'शक्य असल्यास' लिहिलं आहे की नाही हे खालचा माणूस बघतच नाही. तो कुठून आला ते बघतो. काही सुपरवायझरांनी माणसं कमी असल्याचं सांगून बघितलं, आणि तरीही पोस्टमन सोडावे लागले. सोडल्यावर जे व्हायचं तेच झालं. राहिलेल्यांना ओव्हरटाइम पडला.

महानिरीक्षकांच्या चौकशीत अशा 97 पोस्टमनची मोजदाद झाली. बहुतांश काम अटीतटीच्या राज्यांत झालं होतं, त्यात फ्लोरिडा, नेवाडा, नॉर्थ कॅरोलायना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन होती. ओव्हरटाइमपोटी पोस्टल सर्व्हिसला 90,000 डॉलरहून जास्त भुर्दंड पडला. अब्जावधींच्या उलाढालीत ही रक्कम चिल्लर आहे, आणि युनियनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. मला तो बचाव लंगडा वाटतो. 90,000 डॉलर पोस्टल सर्व्हिससाठी चिल्लर असतील. संध्याकाळी सात वाजता दुसऱ्याचं बीट संपवणाऱ्या माणसाला तो आकडा नसतो, त्याचे पाय दुखत असतात.

निकाल काय लागला

19 जुलै 2017 रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. समितीचे अध्यक्ष जॉन्सनच. ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेलचा निष्कर्ष असा होता की पोस्टल सर्व्हिसने हॅच कायद्याचा भंग केला, आणि तोही एखाद्या कार्यालयात चुकून नव्हे, तर पद्धत म्हणून. युनियनने ज्यांना पाठिंबा दिला त्या उमेदवारांच्या बाजूने झुकण्याची संस्थात्मक वृत्ती त्यातून दिसते, असं त्यांनी म्हटलं.

आता यातला बारकावा. ठपका पोस्टल सर्व्हिसवर होता, रजेवर गेलेल्या पोस्टमनांवर नाही. पोस्टल सर्व्हिसलाही क्लिंटन निवडून आणायच्या होत्या असा पुरावा सापडला नाही. मुख्यालयाला युनियनशी संबंध गोड ठेवायचे होते, इतकंच. ही पद्धत 2016 ला सुरू झालेली नव्हती, 1990 च्या दशकापासून चालत आली होती. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला चुकीची वाटली नाही. म्हणूनच कुणा व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई सुचवली गेली नाही.

सुनावणीत दोन्ही पक्षांनी आपापला सूर लावला. रिपब्लिकन सदस्यांना सरकारी यंत्रणा एका उमेदवारासाठी राबली हे सांगायचं होतं. युनियनच्या बाजूने, सभासदांनी आपल्या वेळेत, आपल्या पैशाने, आपला हक्क बजावला, एवढंच सांगितलं गेलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि दोघांनीही मधल्या माणसाकडे बघायचं टाळलं.

तो मधला माणूस म्हणजे सुपरवायझर. पैसे देणाऱ्या पोस्टमनला नाही म्हणता येत होतं. प्रचाराला जाणाऱ्यालाही. युनियनला यादी न देण्याची मोकळीक होती. मुख्यालय ती यादी पुढे न पाठवता परत करू शकत होतं. या साखळीत दोनच माणसं अशी होती ज्यांच्या नाही म्हणण्याला किंमत उरली नव्हती. सही करणारा सुपरवायझर, आणि त्याच्या सहीमुळे ज्याच्या पिशवीत दुसऱ्याची पत्रं पडली तो पोस्टमन. दुसऱ्याने कदाचित पाच डॉलरही दिले नसतील. कदाचित त्याचं मत ट्रम्पना असेल. त्याला निधीत ओढता येत नाही, हे कायदा छातीठोकपणे सांगतो, पण त्याच्या पायांनी त्याने वर्गणी भरलीच.

युनियनच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. रजा थेट सुपरवायझरकडे मागा म्हणणं सोपं आहे, पण चळवळ्या पोस्टमनवर खार खाऊन असलेले सुपरवायझर काही कमी नसतात. यादी मुख्यालयातून गेली की असा खोडसाळपणा टळतो. 1990 च्या दशकात ही वाट कुणी शोधली असेल तर त्यामागे असाच काही अनुभव असावा, हा माझा तर्क. एका दबावावर उतारा म्हणून दुसरा दबाव आणला गेला आणि तो अंगवळणी पडला.

आपल्या पोस्टात

भारतात हे प्रकरण घडूच शकलं नसतं, कारण इथे दुसरा खिसाच नाही. 1993 च्या सेवासंघटना मान्यता नियमांप्रमाणे मान्यता हवी असलेल्या केंद्रीय कर्मचारी संघटनेला राजकीय निधी ठेवता येत नाही आणि कुठल्याही पक्षाच्या मताचा प्रसारही करता येत नाही. 1964 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यालाही पक्षाचं सभासदत्व किंवा राजकीय चळवळीला वर्गणी वर्ज्य.

25 एप्रिल 2023 रोजी टपाल विभागाने नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्टल एम्प्लॉइज आणि तिच्यातली गट 'क' कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना, या दोघींची मान्यता काढून घेतली. आरोप पैशांचेच होते. शेतकरी आंदोलनाला 30,000 रुपये, सिटू या डाव्या कामगार संघटनेला 50,000 आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला 4,935 रुपये दिल्याचे. एका जुन्या, देशभर पसरलेल्या संघटनेची मान्यता जाण्यासाठी एवढी रक्कम पुरली. मान्यता गेली की प्रशासनाशी बोलायची खुर्ची जाते आणि पगारातून वर्गणी कापून मिळण्याची सोयही जाते. इथे प्रश्न कुणी खुशीने दिले की नाही हा नव्हताच. खुशीने दिले असते तरी चाललं नसतं.

गंमत अशी की वेगळ्या, ऐच्छिक राजकीय निधीची कल्पना भारतीय कायद्याला परकी नाही. 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या 16 व्या कलमात ती शब्दशः होती. सभासदांच्या नागरी आणि राजकीय हितासाठी संघटनेने स्वतंत्र निधी उभारावा, त्यात भर घालायची सक्ती कुणावर करू नये, न देणाऱ्याचे इतर लाभ काढू नयेत, त्याला प्रवेशही नाकारू नये. फक्त त्या निधीच्या कारभारात त्याला वाटा नसेल. अमेरिकी न्यायालयाने पाइपफिटरांच्या खटल्यात 1972 मध्ये जे म्हटलं, त्याचा गाभा मुंबईच्या गिरणगावातल्या संघटनांना शेहेचाळीस वर्षं आधीच्या कायद्याने दिला होता. आणि असा कायदा व्हावा म्हणून 1921 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडणारे ना. म. जोशी आपले कुलाबा जिल्ह्यातले. गिरणी कामगाराला मिळालेली ही मुभा सरकारच्या पोस्टमनला मात्र मिळाली नाही.

अमेरिकेची पद्धत चांगली की आपली, या वादात मला शिरायचं नाही, पण एक फरक नोंदवतो. तिथे कागदपत्रांचा ढीग असल्यामुळे 97 हा आकडा काढता आला. निधीने कुणाला किती दिलं, कुणाचा किती दिवसांचा पगार भरून दिला, कुणाची रजा कुठून मंजूर झाली, सगळं नोंदलेलं होतं. बंदी असली की राजकारण थांबत नाही, त्याच्या नोंदी थांबतात.

पुढे काय बदललं

ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेलची शिफारस थोडक्यात अशी की युनियनच्या राजकीय कामापासून पोस्टल सर्व्हिसच्या व्यवस्थापनाने चार हात दूर राहावं. पोस्टमास्टर जनरल मेगन ब्रेनन यांनी समितीपुढे पद्धत बदलण्याची तयारी दाखवली. राजकीय निधी चालू राहिला. पगारातून कापून घेण्याची सोय राहिली. बिनपगारी रजेचं कलमही करारात राहिलं, आणि पोस्टमन आजही आपल्या वेळेत प्रचाराला जाऊ शकतात.

गेला तो मुख्यालयाचा मधला हात. ज्याला रजा हवी त्याने फॉर्म 3971 भरायचा आणि आपल्या सुपरवायझरपुढे ठेवायचा. फॉर्मवर खाली मंजूर आणि नामंजूर असे दोन चौकोन पूर्वीपासून छापलेले आहेत.